कडी न लावता

पहिला फोड पोटावर आला होता, बेंबीच्या डाव्या बाजूला, आणि मी तो दीड दिवस डासाच्या नावावर खपवला. सोमवारी सकाळी दिसला, मंगळवारी दुपारी शेजारी अजून दोन दिसले, तरी डासच, फक्त आता चिकाटीचा डास. अंगात कणकण होती ती सबमिशनच्या जागरणावर ढकलली. शेवटी संध्याकाळी अंघोळीला गेले आणि पाठीवर हात फिरवला तर बोटांखाली नुसते खडे. तशीच टॉवेल गुंडाळून रूमवर आले आणि रूममेटला म्हटलं, जरा मोबाईलचा टॉर्च मार गं. ती मोजायला लागली. एक, दोन, चार, अगं थांब, केसात पण आहे. सतरा. कानामागे एक होता त्यात पाणी धरलेलं, तिने फोटो काढून दाखवला, टॉर्चच्या उजेडात ते चक्क चमकत होतं. डॉक्टरांच्या पुस्तकात याचं वर्णन 'गुलाबाच्या पाकळीवरचा दवबिंदू' असं करतात हे नंतर कळलं, आणि हे लिहिणाऱ्या माणसाला स्वतःला कधी कांजिण्या झाल्या नसणार असं माझं ठाम मत आहे.

वयाच्या बाविसाव्या वर्षी कांजिण्या. आईला फोन केला तर ती आधी हसलीच. मग तिला आठवलं की लहानपणी शाळेत साथ आली तेव्हा घरात मी सोडून सगळ्यांना झाल्या होत्या आणि तिने तेव्हा सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं, हिला काही होत नाही. ती उधारी आता निघाली. आणि मोठेपणी कांजिण्या निघतात तेव्हा त्या लहान मुलांसारख्या खेळत-खेळत जात नाहीत, ताप जास्त, फोड जास्त, क्वचित न्यूमोनियापर्यंत जातं. हे डॉक्टरांनी अगदी सहज आवाजात सांगितलं, जसं काही बस दहा मिनिटं लेट आहे.

डॉक्टरांकडे जे झालं त्याची मला अजून लाज वाटते. मी गेले, नंबर लावला आणि बाहेर बाकावर वीस मिनिटं बसले, आणि माझ्या शेजारी एक बाई होत्या, मांडीवर चार-पाच महिन्यांचं बाळ, लस द्यायला आणलेलं. मी त्या बाळाकडे बघून तोंडं करत होते, ते हसत होतं. आत गेल्यावर डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि पहिला प्रश्न विचारला, बाहेर कोणाशेजारी बसला होतात? पुढच्या वेळी असं अंगावर काही उठलं तर आधी फोन करायचा आणि बाहेरच थांबायचं, आम्ही वेगळं घेतो आत, असं त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, म्हणून तर जास्त लागलं. त्यांनी स्वतः बाहेर जाऊन त्या बाईंना काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली, बहुतेक आईला होऊन गेल्या होत्या. पण मी मात्र तो बाक विसरू शकत नाही.

गोळ्या लिहून मिळाल्या. ॲसायक्लोव्हिर, जे पुरळ उठल्यापासून 24 तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणजे माझ्या डासाने मला तिथे पण गंडवलं, तरी त्यांनी दिलं. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन अजिबात नाही, कारण कांजिण्यांत ते घेतलं तर लहान आणि किशोरवयीन मुलांमध्ये रेज सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूवर जाणारा प्रकार होऊ शकतो, आणि आयबुप्रोफेनही टाळा म्हणाल्या, त्वचेत गंभीर जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो म्हणून. आमच्या हॉस्टेलात डोकं दुखलं की जो कोणी ड्रॉवरमधून जी गोळी काढून देईल ती गिळायची पद्धत, त्यामुळे हे मी मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

आणि मग ते वाक्य. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत वेगळं राहायचं, साधारण आठवडा, आणि पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून तुम्ही पसरवत असता.

आधीपासून. मी परत येताना रस्त्यात तोच एक शब्द घोळवत होते. आपल्याला वाटतं आयसोलेशनची तयारी म्हणजे पुढच्या आठवड्याची तयारी, बादली, औषधं, चार्जर. पण पहिलं काम मागच्या तीन दिवसांचं होतं. सोमवारी पहिला फोड, म्हणजे शनिवारपासून धरायचं. फुटपाथच्या कडेला उभी राहून मी मोबाईलमध्ये लिस्ट करायला घेतली, शनिवार सकाळ, कोण कोण.

करून बघा एकदा, आजारी नसताना. मला वाटलं होतं आठ-दहा नावं होतील, मी काही फार माणसांत मिसळणारी नाही. एकोणचाळीस झाली. रूममेट, तिची मैत्रीण जी आमच्याच बेडवर बसून अभ्यास करते, मेसमधलं आमचं टेबल, लॅबमधली बॅच, जिच्या बाटलीतून मी पाणी प्यायले ती, जिने माझा कंगवा नेला ती. काही जणांची नावंच माहीत नव्हती, 'निळा जर्किनवाला मुलगा, लायब्ररी, समोरची खुर्ची, दोन तास' असं लिहिलं. एरवी मला रविवारी संध्याकाळी हमखास असं वाटतं की आपलं इथे कोणी नाही. तर त्या रविवारी संध्याकाळी मी, लिस्टप्रमाणे, सोळा माणसांच्या श्वासात होते.

आई म्हणाली घरी ये. सरळ बॅग भर आणि रात्रीची गाडी पकड, इथे मी आहे, तिथे तुला पाणी कोण देणार. मला पण तेच हवं होतं खरं तर, तापात माणसाला आईच हवी असते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण म्हटलं, आई, गाडीत चाळीस माणसं असतात आणि सगळ्या काचा बंद. त्यावर ती म्हणाली, तोंडाला रुमाल बांध. मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग तिनेच विचारलं, खोलीला खिडकी आहे ना?

खिडकी होती. रेक्टर मॅडमना फोन केला तेव्हा कळलं की आमच्या हॉस्टेलला सिक रूमही आहे, ॲडमिशनच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेख असतो. प्रत्यक्षात तिच्यात सहा मोडक्या कॉट, एक कॅरमबोर्ड आणि मागच्या कुठल्यातरी गॅदरिंगचा थर्माकोलचा दरवाजा ठेवलेला होता आणि चावी ज्यांच्याकडे असते ते रजेवर. त्यामुळे आजारी माणसाला हलवण्याऐवजी धडधाकट माणसाला हलवायचं ठरलं, म्हणजे माझ्या रूममेटला.

इथे लोकांचा एक मोठा गोंधळ होतो, माझा पण झाला. आम्हाला वाटलं हिला आता कोणी रूममध्ये घेणार नाही, ही दोन दिवस माझ्यासोबत झोपलीय, ही पण 'तसलीच'. पण हिशोब तसा नसतो. लागण झाल्यापासून पुरळ दिसायला 10 ते 21 दिवस लागतात, बहुतेकांना 14 ते 16. म्हणजे पहिला आठवडाभर ती कोणाच्याही रूममध्ये झोपली तरी काही देऊ शकत नाही, तिने जपायचं ते आठव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत. सगळे मात्र पहिल्या दिवशी घाबरतात आणि आठव्या दिवशी विसरून जातात. हे समजावताना मी अक्षरशः व्हॉट्सॲपवर कॅलेंडरचा फोटो टाकून गोल केले. आणि रूममेट दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन लस घेऊन आली, कारण संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच, घेतली तर ती आजार अडवू शकते किंवा सौम्य तरी करते. ही लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी नावाच्या डॉक्टरांनी 1974 मध्ये आणली, स्वतःच्या लहान मुलाला कांजिण्यांनी हैराण झालेलं बघितल्यावर ते या विषाणूच्या मागे लागले होते. रूममेटने दंडावर कापूस धरलेला फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, मिचिआकी काकांची कृपा.

मग ग्रुपवर मेसेज टाकायचा होता. हा मेसेज मी पाच वेळा लिहून खोडला. पहिल्या ड्राफ्टमध्ये तीन वेळा सॉरी होतं. शेवटी जो गेला तो असा, 'मला कांजिण्या झाल्यात. शनिवारपासून जे माझ्यासोबत होते त्यांनी आईला फोन करून विचारा की लहानपणी झाल्या होत्या का किंवा लस घेतली होती का. घरात कोणी प्रेग्नंट असेल, तान्हं बाळ असेल किंवा कोणाची केमो वगैरे चालू असेल तर मला आत्ता सांगा.'

पुढच्या अर्ध्या तासात आमच्या मजल्यावर जे झालं ते मला बंद दाराआडून नुसतं ऐकू येत होतं. कॉरिडॉरमध्ये बारा-तेरा मुली आपापल्या आयांशी बोलतायत. हो गं, कांजिण्या, नाही मला नाही, आठव बरं नीट, ते गोवर होतं का कांजिण्या? कोणाची आई म्हणतेय तुला नाही, तुझ्या बहिणीला झाल्या होत्या. कोणाच्या आईला आठवत नाही म्हणून तिने आजीला दिला फोन. एकीच्या घरी तर यावरून आई-बाबांचं भांडण लागलं. मी तापात पडल्या पडल्या हसत होते आणि हसताना पाठीवरचे फोड दुखत होते.

'मला होऊन गेल्यात' असं खात्रीने सांगणाऱ्या चार निघाल्या. एकदा होऊन गेल्या की बहुतेकांना परत होत नाहीत. विषाणू मात्र शरीर सोडून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि म्हातारपणी कधीतरी नागीण होऊन वर येऊ शकतो, पण तो पुढचा प्रश्न. त्या घडीला त्या चौघी म्हणजे माझ्या दृष्टीने सोन्याच्या होत्या. त्यातली एक पीएचडीवाली ताई, कोपऱ्यातल्या खोलीतली, जिच्याशी मी वर्षभरात 'गीझर चालू आहे का' याच्यापलीकडे बोलले नव्हते, ती म्हणाली, मी आत येऊ शकते, मला काही होत नाही, काय काय लागेल सांग.

तेव्हा मला कळलं की खोलीत एकटं राहायचं तर एरवीपेक्षा जास्त माणसं लागतात. एक ताट आणणारी, एक औषधं आणणारी, एक लेक्चरच्या नोट्स पाठवणारी, एक रेक्टरशी भांडणारी. एरवी मी यातलं कुणाला काही मागितलं नसतं. मागायचं म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो, मी दोन वर्षं बंद पडलेल्या ट्यूबलाइटखाली काढलीयेत पण कोणाला स्टूल धर म्हटलं नाही.

ताईने दाराबाहेर एक प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं. नियम असा, दोनदा टकटक, मग माणूस चार पावलं मागे, मग मी दार उघडून ताट घेणार. माझं ताट, वाटी, पेला वेगळा, मीच घासायचा, साबण लावून. माझ्या बादलीच्या कडीला लाल रिबन बांधली. कॉमन बाथरूम ही सगळ्यात अवघड गोष्ट, कारण कांजिण्या फोडातल्या पाण्याने पसरतात तशा हवेतूनही पसरतात. शेवटी सगळ्यांचं आटपल्यावर मी जायचं, रात्री साडेअकराला, मास्क लावून, आणि येताना खिडकी सताड उघडी ठेवायची असं ठरलं. ज्यांना कधी झाल्या नव्हत्या त्यांनी सरळ वरच्या मजल्यावरचं बाथरूम धरलं. कोणीतरी माझ्या दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायला सांगितलं, तो मी एक रात्र कोंबला, सकाळी टॉवेलला वास आला, आणि काढून टाकला. दार बंद, खिडकी उघडी, बास.

नखं कापली, अगदी मुळापर्यंत. झोपेत खाजवायला नको म्हणून हातात सुती मोजे घालायचे, पायातलेच, धुतलेले. कॅलामाईनची गुलाबी बाटली, थर्मामीटर, जुने सैल टीशर्ट जे नंतर टाकून दिले तरी चालतील. या सगळ्यात मला एका मित्राने न्यूटनचं फॉरवर्ड पाठवलं, की 1665 मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं, तो गावी गेला आणि तिथे एकांतात त्याने केवढं गणित केलं, तू पण सबमिशन संपव. मी त्याला लिहिलं, न्यूटनला कॉमन बाथरूम नव्हतं.

मावशींचा विषय मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मावशी आमच्या मजल्याची साफसफाई करतात. सकाळी त्या दाराशी आल्या, कचऱ्याची बादली घ्यायला, आणि मी आतूनच ओरडले, मावशी थांबा, आत येऊ नका. त्या म्हणाल्या, मला काय होतंय, माझ्या निघाल्यात लहानपणीच, हे बघ तोंडावर खड्डा. मग जरा थांबून, हळू आवाजात, पण माझ्या सुनेला सातवा आहे गं.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर, दार मध्ये. त्या म्हणाल्या मावशींना स्वतःला होऊन गेल्यात तर त्यांच्याकडून घरी जाण्याची काळजी नाही, पण सुनेला आधी झाल्या होत्या का ते विचारा, माहीत नसेल तर रक्ताच्या तपासणीत कळतं. गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळाला हा आजार जड जाऊ शकतो म्हणून. मावशींनी ऐकून घेतलं, बरं म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना सुट्टी घेता आली असती, पण न आलेल्या दिवसाचे पैसे कापतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, दोन वर्षं रोज त्यांना बघून. मग मजल्यावरच्या त्या होऊन गेलेल्या चौघींनी आपसात ठरवलं की आठवडाभर आमचं बाथरूम आणि कॉरिडॉर आपण धुवायचा, मावशींनी बाकीचे मजले करायचे, आणि रजिस्टरमध्ये जसं रोज असतं तसंच. सुनेला आठवीत झाल्या होत्या हे संध्याकाळी कळलं. मावशींनी स्टूलाशेजारी उभं राहून सांगितलं, लांबूनच, पण एवढ्या मोठ्याने की पूर्ण मजल्याला कळावं.

बुधवारी रात्री, दार आता आठवडाभर बंद राहणार अशी वेळ आली तेव्हा, ताई म्हणाली एक गोष्ट राहिली. आतून कडी लावायची नाही. मी म्हटलं, अगं पण हॉस्टेल आहे, कोणी पण येईल. ती म्हणाली, येऊ दे. ताप चढून तू पडलीस आणि आतून कडी असेल तर आम्ही दार कशाने फोडायचं, स्टूलाने?

मग तिने एक कागद लिहायला लावला. दोन प्रती, एक आतून दारावर चिकटवायची, एक तिच्याकडे. त्यात लिहिलं, धाप लागली, छातीत दुखलं, खोकला वाढला, मान ताठ झाली, सारख्या उलट्या झाल्या, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, फोडांभोवती लाल गरम होऊन दुखायला लागलं किंवा ताप चार दिवसांच्या वर टिकला, तर डॉक्टर. आणि खाली तिने मला हाताने लिहायला सांगितलं, 'तेव्हा मी नको म्हणाले तरी ऐकू नये.' सही केली. माझी सही त्या कागदावर वाकडी आहे, अंगठ्यावर फोड होता.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. दोन दिवस वाईट गेले, तिसऱ्या रात्री घशात फोड आले तेव्हा पाणी पण जाईना आणि मी रडले, रात्री दोन वाजता ताईने दार ढकलून आत येऊन पेल्यात स्ट्रॉ टाकून दिली आणि काही न बोलता कॉटच्या पायाशी मोबाईलवर पेपर वाचत बसली. मंगळवारपर्यंत शेवटच्या फोडावर खपली धरली. सुटले. रूममेट परत आली, आणि आता तिचे जपायचे दिवस चालू झाले, ती रोज सकाळी उठून 'आज दहावा, आज अकरावा' असं मोजायची आणि डास चावला की किंचाळायची. तिला काहीच झालं नाही. लिस्टमधल्या एकोणचाळीस जणांपैकी कोणालाच झालं नाही, निळा जर्किनवाला तर नंतर सापडलाच, त्याला दोन डोस झालेले होते.

पंधराव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीला निघाल्या. ती माझ्या लिस्टमध्ये नव्हती. मी तिचा चेहरा बघितला तेव्हा आठवलं, रविवारी रात्री वॉशिंग मशीनपाशी, माझा लोड संपायची वाट बघत ती तिथल्या बाकावर बसली होती, पाऊण तास, आम्ही दोघी आपापल्या मोबाईलमध्ये, खिडकी बंद कारण पाऊस. एक शब्द बोललो नव्हतो. माझा मेसेजही तिच्यापर्यंत पोचला नव्हता, तो आमच्या मजल्याच्या ग्रुपवर होता. पहिल्या वर्षाची आहे, हॉस्टेलला येऊन दीड महिना झालेला, रूममेट सुट्टीला गेलेली.

मी लाल रिबनची बादली घेतली, त्यात अर्धी राहिलेली कॅलामाईन, मोजे, नेलकटर, थर्मामीटर आणि स्टूल काखेत, आणि मेसमधून तिचं ताट. तिसऱ्या मजल्यावर जाऊन दोनदा टकटक केली. आतून आवाज आला, बाहेरच ठेवा प्लीज, मला कांजिण्या झाल्यात. मी म्हटलं, माहितीये, तुला माझ्याकडूनच झाल्यात, मी आत येऊ शकते, मला आता काही होत नाही. बराच वेळ काहीच नाही. मग आतून कडी काढल्याचा आवाज आला.

"ती परत लावू नकोस," मी ताट सांभाळत म्हटलं, "आणि एक कोरा कागद आहे का?"